सरकीची थैली

दुपारचे दोन वाजले असतील. दवाखान्याच्या दारात रेवणाची माय धापा टाकत उभी राहिली.

"नर्सबाई, चला. जिनिंगमधी दानम्मा पडलीय. डोळे फिरवलेत तिनं."

कावेरीबाईंनी पिशवी उचलली, छत्री उघडली आणि निघाल्या. शिरूर अनंतपाळला त्यांची नोकरी होऊन अठरा वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच पहिल्यांदा हातात धरलं होतं.

ते त्र्याऐंशीचं साल. लातूरला जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पाऊस लागोपाठ दोनदा हुकला होता. विहिरींच्या तळाशी पोरं गोट्या खेळत. चावडीच्या भिंतीवर मतदारयादी नव्यानं डकवली होती आणि तिच्या माथ्यावर 'जिल्हा लातूर' असं ठसठशीत छापलं होतं. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यात होतं तेवढंच होतं.

"पडली कशानं? उन्हानं?" चालता चालता कावेरीबाईंनी विचारलं.

"उन्हानं न्हाई. तिला चोर म्हणले."

गावाबाहेरच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये पंधरा दिवसांपासून सिनेमाचं युनिट उतरलं होतं. सिनेमा दुष्काळाचा होता. गर्दीसाठी बाया लागत होत्या. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया त्यांनी घेतल्या, रोज बारा रुपयांनी. खडीपेक्षा हे बरं होतं. उन्हात उभं राहायचं, सांगितलं की रडायचं. "रडायला सांगावं लागतं व्हय?" असं दानम्मा पहिल्या दिवशी म्हणाली होती. ती या बायांची मुकादम.

जिनिंगच्या फाटकासमोर शंभरावर बाया पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या. फाटकाला बाहेरून साखळी घातलेली. बाजूला पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीला पाठ लावून चार बाया बसल्या होत्या.

"टँकर आत का सोडत नाही?"

"पैसे बाहेर आले की पाणी आत जाईल," एकजण म्हणाली. "तुम्ही जा बाई. पण एक सांगते, आत गेलेलं माणूस आज बाहेर येऊ देणार न्हाई आम्ही. तुम्हालाबी."

साखळी निघाली. कावेरीबाई आत गेल्या. मागं साखळी पुन्हा खळाळली.

पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं होतं. युनिटची वीसेक माणसं भिंतीच्या सावलीला चिकटून बसली होती. दानम्मा फरशीवर आडवी होती. कोपऱ्यात गावातून परागंदा होण्याच्या देखाव्यासाठी बांधलेली गाठोडी रचलेली होती. कावेरीबाईंनी त्यातलं एक ओढून तिच्या पायाखाली दिलं. पाचट भरलेलं, फुलासारखं हलकं. त्यांनी त्याचं धडपं, वरचं फडकं, सोडून तिला वारा घालावा म्हणून गाठ उकलायला घेतली. दुहेरी आवळलेली गाठ, दातानंही निघेना. शेवटी पदरानंच वारा घातला.

पिंपात वीतभर पाणी होतं. त्यातलं अर्धा पेला मिळालं. मीठ-साखर घालून चमच्यानं पाजल्यावर दानम्मानं डोळे उघडले.

"बाई, मी घेतले न्हाईत."

"बोलू नकोस. पी."

"सिस्टर, तिला शुद्धीवर ठेवा," मागून कुणीतरी म्हणालं. "लातूरहून पोलीस निघालेत. चार-साडेचारला पोचतील."

बोलणारे साहेबराव होते, युनिटचे व्यवस्थापक. कोल्हापूरकडचा माणूस. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि आवाज बसला होता.

"पोलीस येऊन काय करणार?" कावेरीबाईंनी विचारलं.

"तिला नेणार. त्याशिवाय आमची सुटका नाही."

"आणि बायांचे पैसे?"

साहेबरावांनी टेबलावरची कापडी थैली उचलून पालथी केली. फरशीवर सरकी सांडली. काळपट, बोंडाचे धागे चिकटलेली सरकी. तिचा ढीग शेडच्या मागच्या भिंतीला अजून पडून होता, जिनिंग बंद पडल्यापासून.

"हा बायांचा आठवड्याचा पगार," ते म्हणाले.

कावेरीबाई स्टुलावर बसल्या. "पहिल्यापासून सांगा. मलाही बाहेर जाता येत नाही, तेव्हा ऐकायला वेळ आहे."

साहेबरावांनी सांगितलं. पहिल्या आठवड्याचा पगार त्यांनी स्वतः वाटला आणि गोंधळ झाला. कुणाला दोनदा गेला, कुणाला गेलाच नाही. निर्मात्याची तार आली, की पगाराचं काम बाहेर द्या. पुढं दोन महिने शूटिंग, त्यानंतर आणखी एक चित्रपट. काम मोठं होतं. दोघे पुढं आले. लातूरच्या एका आडतीवरचे वीरभद्र, शेकडा चार रुपये मागत होते. उदगीरचे महादेवप्पा शेकडा सहा. महादेवप्पांनी वीस वर्षं तंबूतल्या टॉकीजचे आणि तमाशाच्या फडांचे पगार वाटले होते.

"मी ठरवलं, दोघांना एकेक आठवडा देऊन बघू. हा आठवडा वीरभद्रांचा, पुढचा महादेवप्पांचा. ज्याचं काम चोख, त्याला पूर्ण कंत्राट."

"हजेरी कोण घेत होतं?"

"रोजची वही दानम्माची. तिच्यावरून वीरभद्रांनी पक्की यादी केली. यादीप्रमाणे मी काल बँकेतून रक्कम काढली. एकशे चोपन्न बाया, सहा दिवस. अकरा हजार अठ्ठ्याऐंशी. आज सकाळी नऊला या टेबलावर मोजली. दोनशे रुपयांची तर चिल्लरच होती, पेटी उचलली की खुळखुळायची. वीरभद्रांनी थैली बांधली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. दानम्मानं तिची वहीही पेटीतच ठेवली."

"वही आता कुठंय?"

"तीही गेली."

"मग?"

"दहा ते बारा शॉट होता, सगळे अंगणात. बाराला मी पेटी उघडली. थैली होती तशी बांधलेली दिसली. वही तिच्याखाली असेल असं धरून चाललो. पुन्हा कुलूप. मग जेवणं. त्या तासात पेटीपाशी एकटी दानम्मा होती. किल्लीही तिच्याचकडं. एकला बाया रांगेत उभ्या केल्या, थैलीचं टोक ओढलं, आणि ही सरकी."

"थैलीला गाठ होती?"

"गाठ कसली! तोंड पिळून खाली दुमडलेलं, वर सुतळीचे वेढे आणि टोक आत खोचलेलं. एका हिसक्यात सुटली."

कावेरीबाईंनी मान हलवली आणि दानम्माकडं वळल्या.

"किल्ली तुला कुणी दिली?"

"वीरभद्रअण्णांनी. म्हणले, दानम्मा, तुझ्याएवढं इमानी कुणी न्हाई, तूच बस. मला लई बरं वाटलं बाई." ती कडवट हसली. "बरं वाटून घेतलं, त्याचं हे झालं."

"पेटी उघडलीस?"

"कशाला उघडू? बसले न बसले तोच ऊन आलं पेटीवर, म्हणून सावलीत ओढली. त्यांनी हात लावला." तिनं बोट दाखवलं.

पोत्यावर पालथी मांडी घालून बसलेल्या माणसानं पानाची चंची मिटली. "लावला की. महादेवप्पा म्हणतात मला. चोरीचा आरोप माझ्यावर अजून आला नाही, याचंच नवल करून राहिलो मी."

"येईल की," कावेरीबाई म्हणाल्या. "वीरभद्रांचा आठवडा नासला तर फायदा कुणाचा?"

"माझाच, अक्का. बिलकूल माझाच."

"पेटी ओढून झाल्यावर कुठं गेलात?"

"फाटकाबाहेर. टँकरवाल्याशी भांडायला. तो म्हणे गावाचं पाणी सिनेमाला देत नाही. खामखा तासभर गेला."

"पेटी जड होती?"

"कसली जड! दानम्मा एकटीनंही ओढली असती. गुमान सरकली."

"आवाज?"

"कशाचा आवाज?"

कावेरीबाईंनी पुढं विचारलं नाही. त्या वीरभद्रकडं गेल्या.

वीरभद्र तिशीतला, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे घामानं ओघळले होते. तो आधीच बोलू लागला.

"बाई, मी काय सांगू? माझी तर आब्रू गेली. काकांची चाळीस वर्षांची आडत आहे. पहिल्याच आठवड्यात असं झालं. कंत्राट गेलंच समजा."

"शॉट चालू असताना तुम्ही कुठं होता?"

"इथंच. यादी स्वच्छ लिहून काढत होतो. हिशेबात मला कटकट चालत नाही."

"यादी बघू?"

त्यानं कागद दिले. सुबक अक्षर, एकशे चोपन्न नावं. कावेरीबाईंनी चष्मा लावला. जगदेवी भ्रतार गुरुपादप्पा. गौरम्मा भ्रतार शिवप्पा. बसम्मा भ्रतार सटवाजी. प्रत्येकीपुढं नवऱ्याचं नाव. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. सिद्धम्मा भ्रतार अर्जुनराव.

"ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"बायांनीच. आणि दानम्माच्या वहीत होतीच की."

"प्रत्येकीला विचारलंत?"

"समोर उभं करून विचारलं. जिम्मा घेतला की मी चोख करतो, बाई."

त्यानं कागद परत घेतले, गुंडाळी केली, सुतळीचे तीन वेढे दिले आणि टोक अंगठ्यानं आत खोचलं. कावेरीबाई त्याच्या अंगठ्याकडं पाहत राहिल्या.

पिंपाचा तळ दिसू लागला होता. कॅमेऱ्यावरचा एकजण फाटकापाशी जाऊन ओरडला, "अहो, निदान प्यायला तरी द्या!" बाहेरून कुणीतरी उत्तर दिलं, "तुमच्या सिनेमात आम्हाला तहान लागली असं दाखवता ना? आता नीट बघून घ्या." बाया हसल्या. आत कुणी हसलं नाही.

साडेतीन झाले होते. दानम्मा उठून बसली. खडी फोडून तिचे अंगठे दगडासारखे गुळगुळीत झालेले.

"मला नेलं तर उद्या या बायांना कामावर कोण घेईल, बाई?" ती हळूच म्हणाली. "म्हणतील, चोराची टोळी. खडीवरबी घेणार न्हाईत. आणि दुसरं काम कुठंय?"

कावेरीबाईंनी तिच्या हातात सुतळीचा तुकडा दिला. "हे गाठोडं आणखी एकदा बांध."

"कशाला?"

"बांध म्हणते ना."

दानम्मानं सुतळी फिरवली, गाठ मारली, तिच्यावर दुसरी गाठ मारली आणि दातानं आवळली.

"ही गाठोडी कुणी बांधली?"

"आम्हीच. काल दुपारी बसून. चाळीस. संध्याकाळी टेम्पोनं पुढच्या गावी जायचीत."

कावेरीबाई फाटकाच्या फटीपाशी गेल्या. "रेवणाची माय, इकडं ये. तुझ्या नवऱ्याचं नाव काय गं?"

रेवणाच्या मायनं पदर तोंडावर घेतला. "इश्श, काय विचारता बाई! तुम्हाला ठावं न्हाई का?"

"मला आहे. पण तू सांग."

"मी न्हाई सांगणार. ते सांगतील तर त्यांना विचारा."

शेजारच्या बाया खुदकन हसल्या.

"त्या आडतीवाल्यानं तुला नाव विचारलं होतं?"

"तो? तो कधी आमच्याकडं बघितला बी न्हाई."

कावेरीबाई परतल्या. रस्त्यावर धूळ उठताना दिसत होती. जीप येत होती. साहेबराव उठून उभे राहिले, शर्ट नीट करू लागले.

"थांबा साहेबराव," कावेरीबाई म्हणाल्या. "जीप फाटकाशी यायच्या आत ऐका. मग ज्याला न्यायचं त्याला न्या."

सगळे गोळा झाले. वीरभद्र खांबाला टेकून उभा होता. महादेवप्पांनी पान तोंडात ठेवलं.

"सकाळी थैलीत दोनशे रुपयांची चिल्लर होती. पेटी हलली की खुळखुळायची, असं तुम्हीच म्हणालात. बाराला जेवणं सुरू होताच दानम्मा आणि महादेवप्पांनी पेटी सावलीत ओढली. महादेवप्पा, आवाज आला?"

महादेवप्पांचं चघळणं थांबलं. "नाही आला. अहो, खरंच नाही आला!"

"म्हणजे दानम्मा पेटीपाशी बसली तेव्हाच आत सरकी होती. बाराला साहेबरावांनी थैली नुसती पाहिली, उचलली नाही. पैसे त्याआधी गेले, दहा ते बारामध्ये. तेव्हा सगळे अंगणात होते. आत एकच माणूस होता, किल्लीही त्याच्याचकडं."

"वा!" वीरभद्र हसला. "मी माझंच कंत्राट बुडवीन? काय फायदा मला?"

"तेच कोडं होतं. त्याचं उत्तर तुमच्या यादीत आहे. तुम्ही म्हणता, बायांनी नवऱ्यांची नावं सांगितली. अठरा वर्षं मी या गावात बाळंतपणं करते. कळा येत असतानाही या बायांनी मला नवऱ्याचं नाव सांगितलेलं नाही. मी माझ्या वहीत लिहिते रेवणाची माय, तुकाची माय. दानम्मा, तुझ्या वहीत कशी लिहिलीस?"

"तशीच. दुसरी कशी लिहिणार?"

"या यादीत एकाही पोराचं नाव नाही. सगळीकडं भ्रतार. अशी नावं गावात एकाच ठिकाणी सापडतात. चावडीवरच्या मतदारयादीत. तिच्यातून उचलून एकशे बाराच्या एकशे चोपन्न केल्या. दानम्मा, तुझ्या बाया किती?"

"एकशे बारा."

"मतदारयादी छापली जिल्हा नवा म्हणून, पण तिच्यातलं गाव जुनंच आहे. चौथ्या पानावर सिद्धम्मा आहे. ती पौषात गेली. तिचे डोळे मी मिटले. तिला समोर उभं करून तुम्ही नाव कसं विचारलंत, वीरभद्र?"

वीरभद्रनं हातातली यादी पाठीमागं धरली.

"बेचाळीस बायांचा पगार दर आठवड्याला खिशात जाणार होता. दोन महिने, मग पुढचा सिनेमा. शेकडा चार तुम्हाला म्हणून परवडत होते. पण आज सकाळी काहीतरी वेगळं ठरलं. काय ठरलं, साहेबराव?"

साहेबरावांनी कपाळावर हात मारला. "नऊ वाजता... महादेवप्पा म्हणाले, यादी आणि वही दोन्ही बायांसमोर वाचा. मी हो म्हणालो."

"चांगली सवय आहे ती," महादेवप्पा पुटपुटले. "फडातल्या बाया ऐकल्याशिवाय घेतच नाहीत."

"वाचली असती तर बेचाळीस नावांना ओ कुणीच दिली नसती. म्हणून वही नाहीशी व्हायला हवी होती. नुसती वही गेली तर संशय यादीवाल्यावर. पैशासकट गेली तर संशय मुकादमिणीवर. दोष तिचा ठरला की शेकडा चारचा स्वस्त माणूसच निवडला जाणार, आणि मग हजेरीही त्याच्याच हातात. कंत्राट बुडणार नव्हतं, साहेबराव. पक्कं होणार होतं."

"थापा आहेत," वीरभद्र म्हणाला. आवाज चिरकला होता. "पैसे कुठं आहेत मग? झडती घ्या माझी!"

"घ्यायची गरज नाही. फाटक बंद आहे, म्हणजे पैसेही आपल्यासारखेच आत अडकलेत. संध्याकाळी देखाव्याचं सामान टेम्पोत घालून पुढच्या गावी जाणार होतं. बरोबर ना?"

त्या गाठोड्यांच्या राशीपाशी गेल्या. एकेक गाठोडं फिरवून पाहू लागल्या. दुहेरी गाठ. दुहेरी गाठ. दुहेरी गाठ. तळाच्या ओळीतल्या एका गाठोड्यावर त्यांचा हात थांबला. धडप्याचं तोंड पिळून दुमडलं होतं. वर सुतळीचे तीन वेढे. टोक आत खोचलेलं.

"आडतीवर पोत्याचं तोंड असं बांधतात," त्या म्हणाल्या. "हजार वेळा बांधलं की हाताला दुसरं सुचत नाही. खडी फोडणाऱ्या बाईला हे येत नाही. तिला गाठ सुटेल याची भीती असते."

त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि सोडून दिलं.

फरशीवर ते खुळखुळलं.

वीरभद्र खांबाला घसरत खाली बसला. विभूती पुसून गेली होती. "काकांना कळवू नका," एवढंच तो म्हणाला. "त्यांना यातलं काही माहीत नाही."

जीप फाटकाशी थांबली होती. बायांनी साखळी काढली ती पोलिसांसाठी नव्हे, टँकरसाठी. पिंपात पाण्याची धार पडू लागली तेव्हा युनिटमधली मोठी मोठी माणसं ओंजळी पुढं करून उभी राहिली. तहानेला मान नसतो, हे त्या दिवशी त्यांना कॅमेऱ्याशिवाय दिसलं.

पगार संध्याकाळपर्यंत चालला. पाचटात दडवलेली वही साहेबराव स्वतः मोठ्यानं वाचत होते.

"रेवणाची माय!"

"हाव, हजर!"

"तुकाची माय!"

"हाय की!"

एकशे बारावं नाव आलं तेव्हा थैलीत बेचाळीस जणींचे पैसे उरले होते. साहेबरावांनी ते मोजून बाजूला ठेवले. मग महादेवप्पांकडं पाहिलं.

"कंत्राट तुम्हाला द्यायचं म्हणतो."

"निम्मं द्या," महादेवप्पा म्हणाले. "पैसा मी आणीन. हजेरी आणि वाटप या बाईला द्या. ज्याच्या हातात पैसा, त्याच्याच हातात यादी, असं वीस वर्षांत मी कुठल्याच फडात चालू दिलं नाही. माझ्यावर माझाच तेवढा भरवसा नाही." आणि हसले. "शेकडा तीन मला, तीन तिला. आणि आता चहा पाजा. टँकरवाल्यालाही पाजा, लई शिव्या दिल्यात मी त्याला."

साहेबरावांनी कागद ओढला. लिहिता लिहिता त्यांनी वीरभद्रची यादी चाळली. "दानम्मा भ्रतार चंद्रप्पा. असंच घालू ना?"

दानम्मानं मान वळवली. चंद्रप्पा अकरा वर्षांमागं काम शोधायला हैदराबादला गेला होता. त्याचं पत्रसुद्धा आलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं ती कुणाची मायही नव्हती. साहेबरावांसमोरची वही तिनं उघडून शेवटचं पान दाखवलं. एकशे अकरा मायांच्या खाली, वाकड्या अक्षरात, पुढंमागं काही न लावता एकच शब्द होता.

"वहीत लिहिलंय तसंच घाला," ती म्हणाली. "दानम्मा. तेवढंच."

साहेबरावांनी तेवढंच लिहिलं. लिहिता येत असूनही खडीवरच्या सवयीनं तिनं अंगठाच शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. खडीनं घासून गेलेल्या अंगठ्याला रेषाच उरल्या नव्हत्या. कागदावर नुसता निळा ठिपका उमटला.

"यावर ओळख कशी पटायची?" साहेबराव म्हणाले.

कावेरीबाई पिशवी आवरत होत्या. "पटेल," त्या म्हणाल्या. "खडी न फोडता असा अंगठा खोटा करून दाखवणारा अजून जन्माला यायचाय."

त्या फाटकाबाहेर पडल्या. या वेळी कुणी अडवलं नाही.